फिटरभाऊंचं गाव

हात मिळवला की फिटरभाऊ आधी समोरच्याचा तळवा दाबून बघायचे. आवडला तर म्हणायचे, "करंट जाईल!" मी मळवलीच्या शाळेत नवा मास्तर म्हणून आलो तेव्हा माझा तळवा दाबून म्हणाले, "कोरडा हाय."

लोणावळ्याला रेल्वेच्या सिग्नलचे फिटर, आणि उरलेल्या वेळात चित्रकार. नुसतं बघायचं चित्र त्यांना पटायचं नाही. "बगणाऱ्याला बी काम पायजे की!" घरच्या भिंतीवर त्यांनी मोर केला होता. समोरच्या पाटावर कोणी बसलं की तो मान हलवायचा. नवे जावई जेवायला बसले आणि मोर सारखा नको नको म्हणत राहिला. जावयांनी दुसऱ्यांदा भात घेतलाच नाही.

गावात तेव्हा वीज नव्हती. शाळेच्या संमेलनासाठी भाऊंनी फळीवर अख्खं गाव रंगवलं आणि घराघरात टॉर्चचा बल्ब बसवला. बटण फिरवून आपलं घर निवडायचं, हात धरून साखळी करायची आणि टोकाच्या दोघांनी दोन बाजूंच्या पितळी पट्ट्यांना हात लावायचा, की दिवा लागे. आत मोडक्या रेडिओतले ट्रान्झिस्टर आणि बॅटरी, त्यामुळे शॉकची भीती नव्हती. पकड सैल असली की मात्र दिवा मिणमिणायचा. नवरा-बायकोंच्या जोड्यांनी तर धमाल उडवून दिली.

डोंगरावरची वाडीही भाऊंनी रंगवली होती. तिथून गावच्या शेतांवर भातलावणीला येणारी भागीमावशी पुढे झाली. "माजं बी घर बगू द्या." हसणं थांबलं. भाऊंनी एक पट्टी धरली, दुसऱ्या हाताने तिचा हात धरला. पलीकडच्या पट्टीपर्यंत तिचा हात पोचेना. मध्ये एक माणूस हवा होता आणि वाडीतल्या बाईचा हात धरायला कोणी हलेना.

"पट्टी जवळ सरकव की," सरपंच म्हणाले.

"मापात चूक न्हाई," भाऊ म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पट्टीशी मीच उभा होतो.

मी एक हात पट्टीला लावला आणि दुसरा मावशीला दिला. म्हणजे बोटांची टोकं दिली. वाडीतला दिवा जेमतेम काजव्याएवढा लागला आणि मी हात कसा धरलाय ते साऱ्या गावाला दिसलं. तेवढी लाज मला पुन्हा कधी वाटली नाही.

"घट्ट धरा, गुरुजी," भाऊ हळूच म्हणाले.

धरला. दिवा लख्ख लागला. मावशीने आपलं घर डोळे भरून पाहिलं आणि म्हणाली, "दार डाव्या अंगाला हाय, भाऊ." दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंनी रंग काढून दार डावीकडे नेलं.

पुढे माझी बदली झाली. भाऊ स्टेशनवर पोचवायला आले. गाडी आली तरी हात सोडेनात. त्याच हाताने मी मघाशी डोळे पुसले होते. त्यांनी सवयीने तळवा दाबून पाहिला.

"आता करंट जाईल, गुरुजी."