वाकून जायचं फाटक

आमच्या नागावच्या वाडीत नारळ पाडायला येणाऱ्या गड्याला हळू बोलता येत नाही. माडावर चढण्याआधी तो बुंध्यावर थाप मारून ओरडतो, "येतो रं!" जणू झाडाची परवानगीच घेतो. वरून मला हाक मारतो ती पार किनाऱ्यावर ऐकू जाते.

यंदा फाटकावर झुकलेल्या झावळीला गांधीलमाश्यांनी पोळं केलं. मी शहाणपणा करून त्यावर पाण्याचा पाइप मारला आणि डोळा सुजवून घेतला. मग आठ दिवस मी माझ्याच फाटकातून वाकून ये-जा करत होतो.

नारळ पाडायला गडी आला, तेव्हा त्यानं आधी माझा डोळा पाहिला, मग पोळं. "मारायच्या न्हाय. तुमच्या भाजीवरच्या अळ्या ह्याच खातात. उद्या उजाडता येतो, गारव्याला सुस्त असतात."

सकाळी तो आला आणि थाप न मारताच चढला. झावळीला दोर बांधला. कोयत्यानं घाव न घालता, करवत चालवावी तसा देठ हळूहळू कापला आणि अख्खी झावळी पोळ्यासकट इतकी अलगद खाली सोडली, की एकही माशी उठली नाही. मग खाली उतरून, काठोकाठ भरलेली घागर न्यावी तशी ती मागच्या कुंपणात नेऊन ठेवली. तेवढा वेळ त्यानं खोकलासुद्धा दाबून धरला होता.

परत येऊन तो फाटकात छाती काढून उभा राहिला आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल असं गरजला, "दादा, आता ताठ चाला!"

मी चाललो. काही काम नसताना तीनदा.