काचेवरची चार इंजिनं

माझ्या चुलतदिरांनी विमान पाहिलं होतं ते नागपूरच्या विमानतळाच्या कुंपणाबाहेरून. तरी लढाईतल्या विमानांबद्दल आमच्या देवळी गावात त्यांचाच शब्द शेवटचा. त्यांच्याकडे जुन्या विमानांच्या चित्रांचं एक जाडं पुस्तक होतं. कोणाच्या घरी जुना फोटो निघाला की पुस्तक काखेत मारून हे हजर. शेपटी बघायची, इंजिनं मोजायची आणि निकाल देऊन चहा मागायचा. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस कसा असतो, ते मी लग्नानंतर रोज बघितलं.

सासूबाईंकडे त्यांच्या भावाचा एकच फोटो होता. वडील सूत काढल्याशिवाय जेवत नसत. पोरगा मात्र महायुद्धात इंग्रजांच्या हवाई दलात गेला आणि परत आलाच नाही. फोटोत एक मोठं विमान तिरपं उभं आणि त्याच्या पोटाशी भाऊ. दसऱ्याला सायकल, कुऱ्हाड, शिलाई मशीन पुजून झाली की सासूबाई काचेवरून त्या विमानालाही कुंकू लावत. विमानालाच, भावाच्या कपाळाला कधी नाही. भाऊबीजेलाही भाऊ नसलेल्या बाईसारख्या चंद्राला ओवाळत. मी एकदा कारण विचारलं. यंत्राले पाप नसते, म्हणाल्या, पण त्याच्या हातून काय झालं ते मले ठाऊक नाई. हे विमान बाँब टाकणारं होतं का, एवढंच त्यांना मरायच्या आधी कळायला हवं होतं.

एकोणीसशे ऐंशीच्या आसपासची गोष्ट. दिरांनी तो फोटो काचेसकट वर्ध्याच्या स्टुडिओत नेऊन मोठी प्रत काढून आणली. पुस्तकाशी ताडून पाहिली. चार इंजिनं, पाठीवर बंदुकीचा घुमट, पोटाच्या दारात रचलेले बाँब. शहरंच्या शहरं जाळली असतील यानं, असं ते चहाचे फुरके मारत कौतुकानं सांगू लागले. सासूबाई उठून आत गेल्या. त्या रात्री जेवल्या नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाही. इकडे या शहाण्यानं पंधरा ऑगस्टला 'बाँबवीराच्या बहिणीचा सत्कार' ठरवून कापडी फलकही रंगवायला टाकला. काय म्हणावं!

मी तिरीमिरीत ती प्रत आणि घरचा फोटो शेजारी ठेवले. प्रतीत चार इंजिनं काळी. घरच्या फोटोत त्यातली दोन लाल. घुमटही लाल, वर एक तांदूळ चिकटलेला. पूजेचं कुंकू पुसायचं नसतं, म्हणून वर्षानुवर्षं त्याच जागी थर चढलेले. स्टुडिओच्या काळ्यापांढऱ्या प्रतीत लालाचं काळं झालं होतं. आणि आमच्या पंडितानं तेच मोजलं होतं! पाप लागलं तर लागो, म्हणून मी ओल्या पदरानं काच पुसली. खाली दोनच इंजिनं. घुमट नाही, बंदूक नाही. दारात रचलेली पोती, त्यांची बांधलेली तोंडंसुद्धा दिसत होती. दिरांच्याच पुस्तकात ते विमान सामान वाहणाऱ्यांच्या पानावर सापडलं.

दिरांना दाखवलं. त्यांनी बोट ठेवून इंजिनं पुन्हा मोजली आणि म्हणाले, फलक रंगवून झाला आहे. शिवाय पोती वाहणाऱ्यासाठी लोक जमतील का? ही यांची विद्वत्ता. सासूबाईंनी मात्र मोतीबिंदूच्या डोळ्यांनी माझं बोट धरून एकेक पोतं बघितलं, आणि मग भाकर मागितली.

पंधरा ऑगस्टला त्या सत्काराला गेल्या. दिरांनी शाल पुढे केली. ती घडी न मोडता त्यांच्याच हातात परत देऊन त्या माईकसमोर उभ्या राहिल्या.

"माहा भाऊ पोते वाहे," त्या म्हणाल्या. "बाँब माह्या या पुतण्यानं टाकले."

लोक खदखदून हसले. दीर खुर्चीखाली काहीतरी शोधू लागले.

त्या वर्षी भाऊबीजेला सासूबाईंनी फोटो पाटावर मांडला. कुंकवाचं बोट पंखांवरून नेऊन भावाच्या कपाळावर टेकवलं आणि तिथेच कितीतरी वेळ धरून ठेवलं. अंगणातून बीजेचा चंद्र दिसत होता. त्याला कोणी ओवाळलं नाही.