विहिरीच्या जागी निळा पत्रा

निगडीतल्या आमच्या ऑफिसात आकाशातून काढलेले फोटो जिओटिफ नावाच्या फाइलमध्ये साठवायचं काम चालतं. साधा फोटो नुसता फोटो असतो. जिओटिफच्या पोटात त्याचा पत्ताही असतो, म्हणजे ही पृथ्वीवरची नेमकी कुठली जमीन ते. त्यामुळे कितीही जुना फोटो उघडला तरी तो आजच्या नकाशावर आपल्या जागी जाऊन बसतो. इतकी वर्षं लोकांच्या जमिनी मी अशा बसवल्या, पण त्यात आमची कधी येईल हे ध्यानीमनी नव्हतं.

गेल्या वर्षी चाकणकडच्या जुन्या हवाई फोटोंचा गठ्ठा स्कॅन होऊन आला. कारखाने यायच्या आधीचे, काळेपांढरे. एका फोटोत ओढ्याचं वळण ओळखीचं वाटलं आणि माऊसवरचा हातच थांबला. आमचं रान. आता तिथे कंपनीची शेड आहे, आणि गेटवरचा वॉचमन आम्हाला आत सोडत नाही. साहेबांना विचारून मी तेवढ्या तुकड्याची प्रत घेतली.

घरी आण्णा, माझे वडील. आई गेल्यापासून त्यांचं एकच पालुपद, "विहीर नेमकी कुठं व्हती, येकदा दाव मला." ती दोघांनी मिळून खणलेली, आण्णा खाली आणि आई वरून मातीच्या पाट्या ओढायची. आईचा फोटो आमच्याकडे एकच, तोही आधार कार्डाचा, आणि त्यात ती कुणावर तरी चिडलेली दिसते.

रविवारी सकाळी लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. खाली आजचा उपग्रहाचा फोटो, त्यावर जुना. आण्णांनी चष्मा पुसला. बांध ओळखला, गोठा ओळखला. मग बोट अडलं.

"हितं पत्रा कसा काय?"

विहिरीच्या जागी गोल भोक पडलं होतं आणि त्यातून खालच्या फोटोतली शेड दिसत होती. निळी.

चूक माझीच, आणि तीही आमच्या धंद्यातल्या माणसानेच करावी अशी. स्कॅनच्या कडेला काळी चौकट येते. ती दिसू नये म्हणून फाइल साठवताना आम्ही सांगून ठेवतो की ठार काळा रंग, म्हणजे शून्य, जिथे असेल तिथे काहीच नाही असं समज. रोजची सवय, हात आपोआप चालतो. विहिरीतलं सावलीतलं पाणीही ठार काळंच होतं. जिथे आमचं सगळं होतं तिथे काहीच नाही, असं मी आपल्या हाताने लिहून दिलं होतं.

हे आण्णांना समजावत मी काय काय बडबडले. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "खरं हाय तेच दिसतंय की." आणि उठून गॅलरीत गेले. स्वतःचा राग राग करत मी चहा तसाच ठेवून पुन्हा लॅपटॉपपुढे बसले.

मूळ स्कॅन पेनड्राइव्हवर होता. शून्याची ती खूण काढली, कडा हाताने कापल्या आणि फाइल नव्याने साठवली. भोक बुजलं. विहीर आली, काळीभोर, नखाएवढी. आण्णांना हाताला धरून आणलं.

त्यांनी पुन्हा चष्मा पुसला. मग स्क्रीनला नाक लागेल इतके वाकले.

"अगं, ही बघ. तुझी आई."

विहिरीच्या काठावर एक पांढरा ठिपका होता.

"धुणं पिळतीया. व्हय का न्हाई?"

ती धूळ होती, स्कॅनरच्या काचेवरची. त्याच फोटोत असे आणखी दहाबारा ठिपके होते, एक तर भर ओढ्यात. कुणाची चूक दिसली की ती दाखवल्याशिवाय मला राहवत नाही. आण्णांनी त्यापायी माझी कमी बोलणी खाल्लेली नाहीत. पण त्यांचा आवाज कित्येक महिन्यांनी मऊ झाला होता.

"व्हय," मी म्हटलं.

सोमवारी ऑफिसची प्रत साफ करायला घेतली. ओढ्यातला ठिपका पुसला, बांधावरचा पुसला. विहिरीपाशी आले आणि आईची अशी आठवण आली की समोरचं काही दिसेना. कामात हयगय नको म्हणून अखेर तोही पुसला. मग राहवेना. घरी फोन लावला. आण्णांनी बंद करू दिला नाही म्हणून लॅपटॉप तसाच चालू ठेवून आले होते.

"आण्णा, आई आहे ना तिथं?"

"हाय की," ते म्हणाले. "कुठं जातीया आता."