विहिरीला कसली आली खोली?

दूध उतू जायच्या बेतात होतं, आणि नेमकी तेव्हाच दारावर थाप पडली.

"अहो, बघा ना कोण ते!"

"तुझ्याकडेच आलं असेल कुणी. मला कोण विचारतंय!" वर्तमानपत्राआडून नवऱ्याचा आवाज आला.

टेपबाईंनी गॅस बंद केला आणि दार उघडलं. समोर पाणी कार्यालयातले नवे साहेब, काखेत बाईंचीच वही.

नदीकाठच्या विहिरींचं पाणी मोजणं हे बाईंचं अकरा वर्षांचं काम. पोलादी टेपच्या टोकाला खडू फासायचा, टेप विहिरीत सोडायचा, खडू कुठवर भिजला ते बघून पाणी किती खाली आहे ते लिहायचं. म्हणून सगळ्यांच्या तोंडी 'टेपबाई'.

"बाई, टेप बरोबर आहे ना तुमचा? चार, सहा, आता नऊ मीटर. पाणी चढतंय म्हणून आम्ही काठावर तीन नवे पंप बसवू दिले. आणि नदीचा डोह तर आटत चाललाय!"

बाईंनीही ते पाहिलं होतं. डोहावरचा खंड्या आठवडाभर नुसता फांदीवर बसून होता. खाली वीतभर पाण्यात मासे दाटीवाटीने तोंडं उघडत होते. तेवढंही आटलं तर संपलंच.

"चढतंय कुठलं? मी 'खोली' लिहिलंय, साहेब. आकडा वाढला की पाणी खाली गेलं."

साहेबांनी वही उघडली. 'खोली' हा शब्द लाल शाईने खोडलेला. "आमच्या कारकुनाचं काम हे," ते ओशाळून म्हणाले. "विहिरीला कसली आली खोली, दारं-खिडक्या असतात का, असं म्हणाला. त्यानेच कार्यालयातल्या पाटीवर 'पातळी' केलं."

"नशीब, भाडेकरू नाही ठेवले!" आतून नवरा म्हणाला.

हसू आवरत बाईंनी टेप उचलला. विहिरीवर साहेबांच्या देखत पुन्हा मोजलं. नऊच.

"कोरड्या दिवसांत नदीला पाणी कोण देतं, साहेब? जमीनच. तिच्या पोटातलं झिरपत डोहात येतं. काठावर एवढा उपसा केला की ते वाटेतच पळवलं जातं. शिवाय नदीचंच पाणी आत ओढलं जातं."

साहेब माणूस सरळ. तिन्ही पंप त्याच दिवशी बंद झाले.

बाई रोज टेप सोडू लागल्या. पहिला आठवडा आकडा ढिम्म. मग पावणेनऊ. तिसऱ्या आठवड्यात आठ, आणि डोहाच्या कडेला दगडांमधून करंगळीएवढी धार. त्या सकाळी खंड्याने सूर मारला आणि चोचीत मासा घेऊनच वर आला.

साहेब पुन्हा आले. "बाई, कार्यालयात तुमचा सत्कार करायचाय. काय हवं ते सांगा."

बाईंनी बोटांवरचा खडू पदराला पुसला.

"सत्कार राहू द्या. पाटीवरचं 'पातळी' पुसा आणि तिथे 'पाणी किती खाली' एवढं लिहा."