फौजेच्या कागदावरचा आजार

दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपायच्या आधीच हे फौजेतून घरी आले. त्याला तीन वर्षं झाली तरी माझी कूस रिकामीच. सासूबाईंनी मला कडू काढे पाजले, सोमवार धरायला लावले आणि शेवटी ठरवलं की माझ्याच धाकट्या बहिणीला सवत म्हणून आणायचं. घरातलीच आहे, भांडायची नाही, असं त्यांचं म्हणणं.

ह्यांच्यात काही कमी असेल हे कुणाच्या मनातही नव्हतं. आमचा ऊस, आमचं गुऱ्हाळ. पुरुषाच्या अंगी ताकद यावी म्हणून सकाळी तांब्याभर रस, संध्याकाळी गूळ घातलेलं दूध. ते मीच हातात द्यायची. हे मात्र वाळतच चालले होते, तांब्यामागून तांबे पाणी पीत होते, आणि परसात लघवीला बसत तिथे मुंग्यांची रीघ लागायची. आम्ही बायका त्यावर हसायचो. मूर्ख कुठल्या!

पायाची जखम भरेना म्हणून सांगलीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नळीतल्या निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून ती तापवली. निळं पाणी विटेसारखं लाल झालं. मग त्यांनी मुलं किती ते विचारलं. एकही नाही, मी म्हटलं. ते म्हणाले, साखर अंगी न लागता रक्तात साचते, नसा दुबळ्या होतात, पुरुषाचं बीजही कमजोर होतं. इन्सुलिनची सुई रोज घेतली तर आशा आहे, खात्री नाही.

हे फौजेतून आलेत कळल्यावर त्यांनी सुटकेच्या वेळी मिळालेला फौजेचा कागद मागितला. ह्यांनी तो खिशातून काढून दिला. डॉक्टरांनी वाचून दाखवला. आजार त्यावर लिहिलेला होता, सुई घ्यायला बजावल्याचंही लिहिलं होतं.

"आवं, तुमास्नी ठावं हुतं?" मी विचारलं.

ह्यांनी कागदाची घडी घालून तो पुन्हा खिशात ठेवला. तीन वर्षं मी ते काढे गिळले, आणि हा माणूस समोर बसून बघत होता!

परतीच्या मोटारीत हे हळूच म्हणाले, "घरात सांगू नगंस. तुजी भन येऊ दे, मग बघू."

माझा कानांवर विश्वास बसेना. पलूसला मोटार थांबली. तिथे माझं माहेर. मी एकटीच उतरले आणि वडिलांना सगळं सांगितलं. जावयाची अब्रू जाऊ नये म्हणून त्यांनी पत्रिका जुळत नाही असा निरोप धाडून बहिणीचं लग्न मोडलं.

मी सासरी परतले. सासूबाईंना पायाच्या जखमेचं औषध आणि पथ्य म्हणून सांगून रस-गूळ बंद केला, सुई उकळायला आणि टोचायला शिकले. कधी जरा जोरात टोचली असेन, नाकारत नाही. दोन वर्षांनी मुलगा झाला.

बारशाला सगळ्या बायकांसमोर सासूबाईंनी माझी दृष्ट काढली. म्हणाल्या, "माज्या सुनंतला दोष गेला एकदाचा."

हे दारातच उभे होते. त्यांनी ते ऐकलं आणि पानसुपारीचं तबक पुढे केलं.