मोहाला पाने नसताना

बिराजदार सरांना मी प्रथम पाहिले ते किनवटच्या जंगलातल्या आमच्या आश्रमशाळेच्या व्हरांड्यात. सातवीतली एक मुलगी उभी राहून काही सांगत होती आणि सर जमिनीवर बसून वहीत उतरवून घेत होते. मी नायगावहून गणित शिकवायला नुकताच रुजू झालो होतो. शिपायाला विचारले, "हे कोण?" तो म्हणाला, "विज्ञानाचे सर हायत. पोरगी सांगून राहिली, सर लिहून राहिलेत." असला उफराटा कारभार बघून मला हसू आले.

मुले कोलामांच्या पोडांवरची, म्हणजे जंगलातल्या वस्त्यांवरची. घरी कोलामी बोलणारी, आणि पुस्तक मराठी. सर आधी प्रत्येक झाडाचे, किड्याचे कोलामी नाव मुलांकडून शिकत आणि मगच धडा उघडत. मी चेष्टेने म्हणायचो, "सर, पगार पोरांना द्या." ते शांतपणे म्हणत, "तुम्हीबी शिका की दोन शब्द." मी कधी शिकलो नाही. गणिताला भाषा कशाला लागते, असा माझा तोरा होता.

एकदा विज्ञानाचे पेपर तपासायला मदत करत होतो. 'वनस्पतीचे अन्न कोठे तयार होते?' या प्रश्नाला भीमबाई नावाच्या मुलीने लिहिले होते, 'पानात. पण मोहाला फुले येतात तेव्हा पाने नसतात. तेव्हा झाड आधीचे साठवलेले खाते.' पहिला शब्द सोडून बाकीच्यावर मी लाल रेघ मारली आणि अर्धाच गुण दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी सर मला ओढ्यापलीकडे घेऊन गेले. मोहाचे झाड उघडेबोडके होते आणि खाली फुलांचा सडा पडला होता. मी परत आलो आणि पूर्ण गुण दिला. सरांनी ही गोष्ट शाळेत कुणालाही सांगितली नाही, आज मीच सांगतो आहे.

मला हिवताप झाला तेव्हा सरांनी तीन दिवस माझ्या उशाशी बसून पेज भरवली. सरांनी लग्न केले नव्हते. गाव दूर, चाकूरला. संध्याकाळी बाकीचे आपापल्या गावी गेले की मराठीत गप्पा मारायला त्यांना मी एकटाच होतो. पुढे माझ्या मुलांच्या शिक्षणासाठी मी नांदेडला बदली मागून घेतली. सरांनी एकदाच विचारले, "थांबता का?" मी म्हणालो, "येत जाईन की." गेलो नाही. त्यानंतर निवृत्तीपर्यंत ते तिथे एकटे राहिले. याची मला शरम वाटते.

आता सर चाकूरला पुतण्यांकडे असतात. पुढे किराणा दुकान, मागे सरांची खोली. घर माणसांनी भरलेले आहे, सगळे मान देतात. सरांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी माहिती घ्यायला मागच्या महिन्यात गेलो तेव्हा सर वही मांडीवर घेऊन बसले होते. म्हणाले, "मोहाच्या कळीला कोलामीत काय म्हणतात, आठवून नाही राहिलं. लिहायचं राहून गेलं. इथं इचारू कुणाला?" वही मिटून म्हणाले, "तिथं मराठीला माणूस नव्हतं, इथं कोलामीला न्हाई. तुम्ही शिकला असता तर आज दोघं बोललो असतो."

सरांच्या कामाबद्दल या ग्रंथात माझ्यापेक्षा जाणत्या लोकांनी लिहिले आहे. मला फक्त हे माहीत आहे की त्या माणसाने शेकडो मुलांचे त्यांच्या भाषेत ऐकून घेतले आणि सरांशी त्या भाषेत बोलणारे आज जवळ कुणी नाही.

तेव्हापासून दर रविवारी मी एस.टी.ने चाकूरला जातो. सर मला कोलामी शिकवतात. वयाची सत्तरी गाठलेला विद्यार्थी आहे, एक शब्द चार वेळा चुकतो. सर रागावत नाहीत, पुन्हा सांगतात. अजून आमचे एक धड वाक्यही झालेले नाही. पंचाहत्तरीच्या या दिवशी सरांना उत्तम आरोग्य आणि खूप मोठे आयुष्य लाभो, कारण माझी प्रगती फार हळू आहे.