पारोळ्याच्या बालवाडीतलं पालखेड

१९९२ सालच्या आषाढात पारोळ्याच्या एका बालवाडीत बाजीराव पेशव्यांनी निजामाला कोंडलं. हा सगळा उद्योग कुंदाबाईंचा.

कुंदाबाई बालवाडीच्या बाई. वय शेहेचाळीस, शिक्षण सातवी, आणि अंगात खोड्या इतक्या की, एका होळीला त्यांनी गल्लीतल्या दारांवरच्या नावांच्या पाट्या आपसांत बदलून टाकल्या होत्या आणि दोन दिवस पोस्टमन पत्रं भलत्याच घरी टाकत होता. त्यांना इतिहासाचं वेड होतं, पण शाळेत तो पानिपतापाशी येऊन थांबायचा. पानिपत झालं की उन्हाळ्याची सुट्टी. दरवर्षी हरून घरी जायचं, हे त्यांच्या मनाला फार लागलं होतं. पुढे वाचनालयातल्या एका जाड ग्रंथात त्यांना पालखेड सापडलं. सन १७२८. बाजीरावांनी निजामाला इकडून तिकडे पळवलं, बऱ्हाणपूर लुटायला निघालो अशी हूल दिली, आपल्याच खानदेशातून घोडी दौडवली, आणि शेवटी निजामाला अशा ठिकाणी गाठलं की त्याच्या तोफा मागे राहिलेल्या आणि पाणी दुसऱ्याच्या ताब्यात. तहान लागून निजाम तहाला आला. इतकी मोठी खोडी इतिहासात कुणी काढली असेल, हे कुंदाबाईंना माहीतच नव्हतं. त्या पेशव्यांच्या प्रेमातच पडल्या.

त्याच सुमाराला बालवाडीला कुणा दात्याकडून गोणीभर प्लॅस्टिकचे ठोकळे आले. एकात एक बसणारे, लाल, पिवळे, हिरवे, निळे. मुलं त्यांची घरं करायची. कुंदाबाईंनी तीन ठोकळे एकावर एक बसवले, वर लाल टिकली चिकटवली, हातात खराट्याची काडी दिली, आणि भालाईत उभा राहिला.

कुंदाबाईंच्या बहिणीचा मुलगा भटू लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचा. तिशीतला मिशाळ गडी, खांद्यावर मोठा कॅमेरा. पण चातुर्मासात लग्नं कुठली? कॅमेरा कपाटात झोपलेला. एका दुपारी तो चहाला आला तर मावशी जमिनीवर पालथी पडून ठोकळ्यांचा घोडा सरकवत होती.

"मावशी, हाई काय शे?"

"लढाई शे. बाजीरावनी."

"आन माले काय करनं पडी?"

"बटन दाबनं, सोडनं. बस."

"आन घोडा कसा पळी?"

"मी शे ना!"

युक्ती साधी होती. बटण दाबायचं, लगेच सोडायचं, तेवढ्यात अर्ध्या सेकंदाचं चित्र उतरतं. मग प्रत्येक घोडा बोटभर पुढे सरकवायचा, पुन्हा बटण. असं शंभरदा केलं की मिनिटभर घोडी आपोआप दौडतात, जरा उचकी लागल्यासारखी दौडतात, पण दौडतात. भटूला आधी हसू आलं. पहिल्या दिवशी संध्याकाळी टीव्हीवर सात पिवळे घोडे एका निळ्या पट्टीवरून, म्हणजे तापीतून, थडथडत पलीकडे गेले, तेव्हा तो खुर्चीवरून उठून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तोच मावशीच्या दारात.

रविवारी आणि शाळा सुटल्यावर काम चालायचं. गावातल्या किल्ल्याच्या खंदकाजवळून आणलेली माती जमिनीवर पसरलेली, पेनांच्या टोपणांच्या तोफा, आणि बूटपॉलिश फासलेला एक हत्ती. त्या हत्तीमुळे कुंदाबाईंची बोटं श्रावणभर काळी होती. मंगळागौरीला हळदीकुंकू लावताना त्यांनी तीन बायकांच्या कपाळावर निजामाचा हत्ती उमटवला. घरी त्यांचे यजमान, पितांबरभाऊ, शांत माणूस, जेवता जेवता थांबले.

"कुंदा, मनी दाळमा शिपाई शे."

"फितूर शे तो. काढी टाका."

पितांबरभाऊंनी त्याला काढून ताटाच्या कडेला ठेवलं आणि पुढचा घास घेतला.

एकदा छावणीचं चित्रण चालू असताना शेजारची शेळी आत घुसली. भटूचं बटण दाबलं गेलं. अर्ध्या सेकंदासाठी निजामाच्या तंबूवर तंबूच्या दसपट शेळी उभी होती. भटू म्हणाला, पुसून टाकतो. कुंदाबाई म्हणाल्या, खबरदार.

या सगळ्यात एक माणूस आडवा येत होता. लीलाधर नाना. हायस्कुलातून निवृत्त झालेले इतिहासाचे मास्तर. पाऊस असो नसो, काखेत छत्री, आणि तोंडात एकच शब्द, पुरावा. ते रोज बालवाडीच्या खिडकीशी थांबायचे.

"कुंदाबाई, पालखेडला लढाई म्हणावी अशी लढाई झालीच नाही. तुम्ही दाखवणार काय?"

"तहान दाखवणार, नाना."

"ठोकळ्याला तहान लागते? पुरावा काय?"

दुसऱ्या दिवशी, "ही पगडी चुकीची आहे." तिसऱ्या दिवशी, "घोड्याला शेपूट नाही." चौथ्या दिवशी कुंदाबाईंच्या डोळ्यांत तेच तेज आलं जे पाट्या बदलताना आलं होतं. त्यांनी पांढऱ्या ठोकळ्यांचा एक किडकिडीत माणूस बांधला, त्याच्या काखेत आगपेटीच्या काडीला काळा कागद गुंडाळून छत्री दिली, आणि त्याला निजामाच्या तंबूत निजामाच्या उजव्या हाताला उभं केलं.

भटू घाबरला. "मावशी, नाना वळखी लेतीन."

"वळखाले पाहिजे ना!"

गणपतीत मंडळाच्या मंडपात टेबलावर टीव्ही ठेवला, व्हीसीआर जोडला, समोर सतरंज्या आणि पहिल्या रांगेत खुर्च्या. मधल्या खुर्चीत प्रमुख पाहुणे म्हणून लीलाधर नाना, छत्रीसकट. चित्राला आवाज नव्हता. कुंदाबाई माईक घेऊन शेजारी उभ्या राहिल्या आणि सगळी पात्रं स्वतःच बोलू लागल्या.

घोडी तापी उतरली, टाळ्या पडल्या. "दखा, दखा, आपला खानदेश!" कुणीतरी ओरडलं. निजामाच्या तंबूत हेर आला आणि म्हणाला, हुजूर, बाजीराव बऱ्हाणपुरावर चालला! छत्रीवाला माणूस पुढे सरकला. कुंदाबाईंनी नाकातून, थेट नानांच्या सुरात म्हटलं, "पुरावा काय?"

मंडप हसून लोळला. दुसरा हेर आला, हुजूर, तोफा मागे राहिल्या! "पुरावा काय?" तिसरा आला, हुजूर, पाणी संपलं! तोपर्यंत माईकची गरजच उरली नव्हती. सतरंजीवरची पोरंच ओरडली, "पुरावा काय?" शेळी आली तेव्हा तर शिट्ट्या वाजल्या. शेवटी निजामाने तहावर सही केली, छत्रीवाला तहानेने आडवा पडला, आणि चित्र संपलं.

नाना उठले. त्यांनी कुंदाबाईंच्या हातातून माईक घेतला.

"उत्तम," नाना म्हणाले. "घोडी उत्तम, नदी उत्तम. चूक एकच आहे. निजामाजवळ पुरावा मागणारा एक जरी माणूस असता, तर बऱ्हाणपूरची हूल त्याने उघडी पाडली असती, आणि निजाम पालखेडला अडकलाच नसता. बाईंनी ज्याला मूर्ख ठरवलं, तोच त्या छावणीत नव्हता, म्हणून तर बाजीराव जिंकले."

त्यांनी माईक परत दिला, छत्री उचलली आणि प्रसाद न घेता निघून गेले.

कुंदाबाईंनी माईक बंद करून टेबलावर ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काढलेली खोडी त्यांच्याच अंगावर आली होती, आणि वाईट म्हणजे नानांचं म्हणणं खरं होतं. एवढा ग्रंथ वाचून ही गोष्ट आपल्या कशी लक्षात आली नाही, याची त्यांना लाज वाटली. लोक घरी येऊन वाहवा करत होते. त्या चहा ओतता ओतता मध्येच थांबत होत्या.

नाना खिडकीशी यायचे बंद झाले. पंधरा दिवस झाले. पोरं रस्त्यात त्यांना पाहून "पुरावा काय?" म्हणतात, हे कळल्यावर कुंदाबाईंनी बालवाडीतल्या दोघांना आणि त्यांच्या थोरल्या भावांना चांगलंच फैलावर घेतलं. तरी जीव खात होता. अखेर सर्वपित्रीच्या दुसऱ्या दिवशी छत्रीवाला ठोकळा पदराखाली घेऊन त्या नानांच्या घरी गेल्या. दार नानांच्या बायकोनं, सुंदरबाईंनी उघडलं.

"नाना रागावले आहेत का हो?"

"कसला राग माय," सुंदरबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या. "आत जाऊन दखा. पंधरा दिवसथून जमीनवर बसायला जागा नही."

आतल्या खोलीत फरशीभर खडूने नकाशा काढलेला. तूरडाळीचे दाणे म्हणजे मराठे, मुगाचे म्हणजे निजाम, आणि लीलाधर नाना गुडघ्यांवर बसून तोंडाने टापांचा आवाज काढत डाळ सरकवत होते. कुंदाबाईंना पाहून त्यांनी आवाज थांबवला, पण डाळ सोडली नाही.

"तुमची कूच चुकली आहे," ते म्हणाले. "गुजरातेकडचा फेरा तुम्ही गाळलात."

"ठोकळे पुरले नाहीत, नाना."

"ही सबब झाली."

कुंदाबाईंनी पदराखालून तो पांढरा माणूस काढला आणि खडूच्या गोदावरीच्या काठी ठेवला. "हा कुठे ठेवू, ते विचारायला आले."

नानांनी चष्मा वर सरकवला. ठोकळ्याची छत्री दोन बोटांत धरून त्यांनी नीट पाहिली, आणि मग त्यांना हसू आवरेना. हसता हसता मुगाचा अर्धा निजाम कपाटाखाली गेला. ठोकळा त्यांनी उचलून तूरडाळीत उभा केला. "बाजीरावांचा हेर म्हणून घ्या. हेराला पुरावा आणावाच लागतो."

दिवाळीच्या सुट्टीत पालखेड पुन्हा झालं, गुजरातेच्या फेऱ्यासकट. शेळीचं मात्र नानांना पटेना. "अठराव्या शतकात एवढी शेळी नव्हती," ते म्हणाले. मतदान झालं. भटू, पितांबरभाऊ आणि सुंदरबाई शेळीच्या बाजूने झाले, आणि शेळी राहिली.

पुढच्या चार चातुर्मासांत निजामाशी झालेल्या आणखी लढाया आल्या, राक्षसभुवन झालं, उदगीर झालं. पानिपत करायला कुंदाबाई काही तयार होईनात, नानांनीही फार ताणलं नाही. खर्ड्याच्या वेळी मात्र घोळ झाला. लगीनसराई तोंडावर आली होती, आणि भटूने घाईत अर्ध्या खर्ड्याचीच कॅसेट धरणगावच्या एका लग्नाला वापरली. शेवटचा भाग पुसायचा राहिला. लग्नघरच्यांनी कॅसेट लावली, तर हळद लागली, वरात निघाली, नवरी पाठवणीला रडू लागली, आणि एकाएकी बूटपॉलिशचा हत्ती सोंड वर करून तिच्यावर चालून आला.

आठवड्याने नवरीचे वडील, भाईदास आप्पा, कॅसेट घेऊन भटूच्या दुकानात आले. भटू हात जोडून उभा राहिला.

"माफी राहू दे," आप्पा म्हणाले. "जावई आठ दिवसथून रोज इचारस, निजाम पळना का नही? बाकीनी लढाई कोठे शे?"